रानड्यांचे उपरणे

माझे शालेय शिक्षण बडोद्यात, गुजराती माध्यमात झाले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, अशी आमच्यासारख्या अनेक कुटुंबांची तिथे पिढ्यान्‌पिढ्या रीत आहे. त्यामुळे गांधीजींची आत्मकथा मी प्रथम वाचली ती गुजरातीत, आठवी-नववीत असताना. त्यातले पुष्कळसे तेव्हा डोक्यावरून गेले. लक्षात राहिला तो एका खेसाचा प्रसंग. ‘खेस’ म्हणजे नक्की काय, असे आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘अरे, आपले उपरणे!’ पुढे इंग्रजी भाषांतर वाचले, तर तिथे त्याचा ‘स्कार्फ’ झाला होता. तीन भाषांत तीन नावे, पण वस्त्र एकच आणि त्याची गोष्टही एकच.

गोष्ट 1912 ची. गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत उतरले. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी होती. तिथे त्यांना खांद्यावर घ्यायचे होते ते महादेव गोविंद रानड्यांनी दिलेले उपरणे. रानडे जाऊन अकरा वर्षे झाली होती. गोखले ते वस्त्र जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच काढत. प्रवासात ते चुरगळले होते. धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधीजींनी कपडे धुण्याची आणि इस्त्रीची विद्या आफ्रिकेत स्वतःच शिकून घेतली होती. ते म्हणाले, मी करून देतो. गोखल्यांना धास्ती वाटली. तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, पण धोबीकामावर नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले आणि हे उपरणे आपल्याला किती मोलाचे आहे हे त्यांनी सांगितले. गांधीजींनी हट्ट धरला, इस्त्री केली आणि ती उत्तम झाली. गोखल्यांकडून प्रमाणपत्र मिळाल्याचा आनंद त्यांनी पुढे लिहून ठेवला.

त्या वेळी गोखले 46 वर्षांचे होते, गांधीजी 43 वर्षांचे. ज्यांना गांधीजींनी आपले राजकीय गुरू म्हटले, ते त्यांच्याहून अवघ्या तीन वर्षांनी मोठे होते. रानडे मात्र गोखल्यांहून 24 वर्षांनी मोठे. त्या एका कापडात तीन माणसे गुंफलेली आहेत. एकाने ते दिले, दुसऱ्याने जपले, तिसऱ्याने त्यावरून इस्त्री फिरवली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी हा प्रसंग पुन्हा वाचला आणि मला प्रश्न पडला: रानड्यांनी गोखल्यांना उपरण्याखेरीज नेमके काय दिले होते? एका माणसाने दुसऱ्याला घडवले असे आपण सहज म्हणतो. ते घडवणे रोजच्या दिवसात कसे दिसते?

गोखल्यांपासूनच सुरुवात करू. त्यांचा जन्म 9 मे 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. 1879 मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडले आणि कागलला नोकरी धरली. पगार महिना 15 रुपये. त्यातले 8 रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत आणि उरलेल्या 7 रुपयांत घर चालवत. गोखल्यांच्या चरित्रांत हे दोन ओळींत येते आणि कथा पुढे सरकते. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. गोखल्यांचा पहिला आधारस्तंभ ना न्यायमूर्ती होता, ना विद्वान. तो स्वतःच विशीच्या आसपासचा पोरगा होता. त्याने भावाला काही ‘शिकवले’ नाही. फक्त आपली वाट थांबवून त्याची मोकळी केली.

1884 मध्ये गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. साधारण 1887 च्या सुमारास त्यांचा रानड्यांशी जवळचा संबंध आला. पुण्यात अजूनही एक आख्यायिका सांगतात. एका समारंभात दारावर तिकिटे तपासायला तरुण गोखले उभे होते. रानडे आले, पण तिकीट जवळ नव्हते, आणि गोखल्यांनी त्यांना आत सोडायला नम्रपणे नकार दिला. खरे-खोटे काही असो, पुण्याला ही गोष्ट आवडली. कारण दोन माणसांच्या नात्यात पुढे जे होते, नियम आणि आदर दोन्ही एकाच वेळी, ते तिच्यात आहे.

रानडे तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते. सरकारी नोकर असल्यामुळे राजकारणात उघडपणे पुढे येणे त्यांना शक्य नव्हते. 1870 मध्ये सार्वजनिक काकांनी स्थापन केलेल्या पुणे सार्वजनिक सभेमागचा मेंदू तेच होते. 1878 पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यातला बराचसा मजकूर त्यांचा, पण सहीविना. त्यांच्यावर सरकारचा संशय होताच. 1878-79 मध्ये आधी नाशिक आणि मग धुळे अशा त्यांच्या बदल्या झाल्या, त्या याच काळात.

अशा माणसाकडे गोखले शिकायला गेले. शिकवणी कसली? सरकारी अहवालांचे, ज्यांना तेव्हा ‘ब्लू बुक’ म्हणत, जाड ठोकळे वाचायचे. जमीनमहसूल, मिठावरचा कर, लष्कराचा खर्च, शेतकऱ्यांचे कर्ज यांचे आकडे काढायचे. त्यांची टिपणे करायची. टिपणांवरून मसुदा लिहायचा. तो रानड्यांपुढे ठेवायचा, ते खोडतील ते खोडायचे आणि पुन्हा लिहायचे. विषयाची दुसरी बाजू माहीत नसेल तर मसुदा परत. आकडा कुठून घेतला ते सांगता आले नाही तर मसुदा परत. 1890 मध्ये गोखले सभेचे चिटणीस झाले. त्रैमासिकाचे कामही त्यांच्याकडे आले. दिवसा शाळा-कॉलेजात गणित आणि इंग्रजी शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात हा अभ्यास. असे तेरा-चौदा वर्षे चालले. रानडे 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले, तरी पत्रांतून आणि भेटींतून ते सुरू राहिले.

या मेहनतीचे फळ काय? सभेने महिनोन्‌महिने खपून तयार केलेले निवेदन सरकारकडे जाई आणि सरकारचे उत्तर येई दोन ओळींचे: आपले निवेदन मिळाले, नोंद घेतली. वैतागून गोखल्यांनी एकदा रानड्यांना विचारले की हे सरकार ढुंकून बघत नसेल तर एवढा खटाटोप कशाला. रानड्यांच्या उत्तराचा आशय गोखल्यांनी पुढे अनेकांना सांगितला. ही निवेदने नावाला सरकारला लिहिलेली असतात, खरी ती लोकांसाठी असतात. अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा हे लोकांना कळावे म्हणून. या देशात हे राजकारण अगदी नवे आहे, तेव्हा फळाची आशा न धरता पुष्कळ वर्षे हे करावेच लागेल.

मी पस्तीस वर्षे हिशेबाच्या कचेरीत काढली आहेत. वरून ‘नोंद घेतली’ असा शेरा येणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच रानड्यांचे हे उत्तर मला साधे वाटत नाही. पंचविशीतल्या, हुशार आणि अधीर शिक्षकाला ते सांगत होते की तुझ्या कामाचा वाचक तू समजतोस तो नाही. काम तेच राहिले, निवेदन तेच राहिले, फक्त ते कुणासाठी आहे हे बदलले. त्या एका बदलावर गोखल्यांनी पुढची वर्षे काढली.

इथे एका तिसऱ्या माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, कारण या गोष्टीत ते नेहमी गळते. गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी. हे ते नव्हेत. हे सरकारी शाळांत हेडमास्तर होते आणि हिंदुस्थानच्या अर्थकारणाचे आकडे त्यांच्याइतके मुखोद्गत असलेला माणूस त्या काळी क्वचितच असेल. सरकारी नोकरीमुळे त्यांनाही नाव लावून लिहिता येत नसे. सभेच्या त्रैमासिकातले कितीतरी अभ्यासपूर्ण लेख त्यांचे. 1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्याही साक्षी तिथे झाल्या. गोखले सर्वांत तरुण, तिशीचे. त्यांची साक्ष गाजली. तिच्या तयारीमागे रानडे होते आणि जोशीही होते. पुढे 26 मार्च 1902 रोजी गोखल्यांनी कलकत्त्याला केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिल्लक दाखवत होते. लोक दुष्काळाने आणि करांनी पिचलेले असताना ही शिलकीची रक्कम भरभराटीची खूण कशी, हा त्यांचा सवाल होता. त्या भाषणाने गोखल्यांना देशभर नाव मिळाले. त्याच्या आकड्यांतही जोशी होते. गोखल्यांनी हे ऋण जोश्यांपाशी पत्रांतून मोकळेपणाने मान्य केले. जोश्यांचे लेखन त्यांच्या स्वतःच्या नावाने ग्रंथरूपात आले ते 1912 मध्ये. ते त्याआधीच्याच वर्षी वारले होते.

जोश्यांबद्दल वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवले. कारण सांगतो. निवृत्तीच्या चारेक वर्षे आधी माझ्या हाताखाली एक मुलगी रुजू झाली. सौराष्ट्रातली, पहिलीच नोकरी. मी तिला शिकवले असे म्हणायला हरकत नाही. ताळेबंद कसा वाचायचा, कोणत्या रकान्यात चूक लपते, शेरा कसा लिहावा म्हणजे समोरच्याचा अपमान होत नाही आणि चूकही सुटत नाही. दीड वर्षात ती माझ्याहून बरे लिहू लागली. एका मोठ्या प्रकरणावर तिने तीन आठवडे बसून टिपण तयार केले. मी त्यात दोन वाक्ये बदलली, खाली माझी सही केली आणि वर पाठवले. तिचे नाव कुठेच नव्हते. रीत तशीच होती. कचेरीत टिपण विभागप्रमुखाच्या सहीनेच जाते. वरून कौतुक आले. मी ते बैठकीत ऐकून घेतले आणि काहीच बोललो नाही. ती समोरच बसली होती. नंतर तीही काही बोलली नाही. मात्र त्यानंतर तिने मला मसुदा दाखवताना ‘हे बरोबर आहे का, सर?’ असे कधी विचारले नाही. नुसता कागद ठेवून जायची.

रीत होती, हे खरेच. जोशी आणि रानडे निनावी राहिले तेही परिस्थितीमुळे. पण फरक असा की त्यांचे नाव दडले ते परक्या सरकारच्या धाकाने, आणि गोखल्यांनी ते आपल्या पत्रांत तरी दडू दिले नाही. मला कुणाचा धाक होता?

रानड्यांची शिकवण त्यांच्या घरातही चालली होती आणि तिथली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1873 मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. ते आता विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना तेच नको होते. त्यांनी घाईने दुसरा विवाह ठरवला. रानडे 31 वर्षांचे आणि वधू 11 वर्षांची, सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावची. रानड्यांनी वडिलांपुढे मान तुकवली. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल कधी पूर्ण माफ केले नाही, आणि का करावे?

ही मुलगी म्हणजे रमाबाई. तिला अक्षर येत नव्हते. लग्न होऊन पुण्यात आल्याबरोबर रानड्यांनी तिच्या हाती पाटी दिली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच खपत नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा बोजा, सगळे तिच्या वाट्याला आले. नवरा संध्याकाळी शिकवायचा आणि दिवसभर त्याची किंमत ती मोजायची. हे सारे त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 च्या पुस्तकात लिहिले आहे. मराठी स्त्रीच्या आत्मपर गद्यातले ते एक मोठे पुस्तक. कुसुमावती देशपांडे यांनी ते इंग्रजीत नेले. त्याआधी 1938 मध्ये एका अमेरिकन बाईंनी त्याचे भाषांतर केले होते, त्याचे नाव ‘हिमसेल्फ’. मराठी न जाणणाऱ्या वाचकाला ते नाव चमत्कारिक वाटेल. रमाबाई नवऱ्याचे नाव घेत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे त्या त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. ‘स्वतः’ बाहेरून आले, ‘स्वतः’ म्हणाले. जिच्या पुस्तकात ‘स्वतः’ हा शब्द नेहमी दुसऱ्यासाठी येतो, त्या बाईने हळूहळू आपले स्वतःचे असे काय घडवले, हेच त्या पुस्तकाचे खरे कथानक आहे.

त्यातला एक प्रसंग बहुभाषी वाचकांना आवडेल. सरकारने 1886 मध्ये नेमलेल्या वित्त समितीवर रानडे होते. त्या कामासाठी दोघांचा मुक्काम कलकत्त्याला पडला. तिथली भाषा आपल्याला वाचता येत नाही, याची रानड्यांना लाज वाटली. त्यांनी बंगालीचे पुस्तक आणले आणि सुरुवात केली. सकाळी न्हावी दाढी करायला येई, तेव्हा पुस्तक हातात धरून ते त्याला उच्चार विचारत. रमाबाईंना हसू आवरेना. न्हाव्याला गुरू केलात की, असे त्या म्हणाल्या. रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयाची आठवण करून दिली. त्याने चोवीस गुरू केले होते. मग स्वतः जे शिकले ते त्यांनी पत्नीला शिकवले आणि त्याही बंगाली वाचू लागल्या. वित्त समितीचा सदस्य साबण लावलेल्या तोंडाने न्हाव्याकडून ‘अ’चा उच्चार शिकतो आहे, हे दृश्य मला त्यांच्या कित्येक व्याख्यानांहून मोलाचे वाटते. शिकवणाऱ्याने शिकताना दिसावे लागते. तसे दिसले नाही तर शिकवणे म्हणजे नुसता हुकूम होतो.

पण सावली झाकू नये. ज्याला 11 वर्षांच्या मुलीशी लग्न नाकारता आले नाही, तोच तिला मुक्त करायला बसला होता. शिकायचे की नाही, हे तिला कुणी विचारले नव्हते. त्यांच्या मनाविरुद्ध काही घडले तर ते रागावत नसत, गप्प होत. आणि ते मौन रागाहून जड जाई, हे त्यांच्या आठवणी वाचताना जाणवते. वरच्याचा अबोला खालच्याला किती भारी पडतो, ते मी दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

रानडे पुढेही नमले. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आला आणि त्यावरून शहरात ग्रामण्य उभे राहिले. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या अनुयायांना ते फार लागले. ज्याच्याकडे बघून आपण चालतो तो मध्येच वाकला, तर मागच्याने काय करायचे? गोखल्यांनी रानड्यांना सोडले नाही. डोळे मिटून मागे गेले असेही नाही. आपल्या गुरूला मर्यादा आहेत हे जाणून त्यांनी त्याच्याकडून घेण्यासारखे घेतले.

पुढे उलट वेळ आली. 1897 मध्ये गोखले इंग्लंडात असताना पुण्यात प्लेगचा कहर होता. घरझडतीच्या वेळी सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या त्यांना पुण्याहून पत्रांनी कळल्या. त्यांनी त्या तिथल्या वर्तमानपत्राला सांगितल्या. त्याच सुमारास, 22 जूनला, रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोखले परतले, तर आरोपांना पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे हा एक मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. आयुष्यभर पुरेल एवढी नाचक्की झाली. भित्रा, लाळघोट्या, सगळी विशेषणे लागली.

त्याच वर्षअखेरीस अमरावतीला काँग्रेस भरली. त्या प्रवासात रानडे आणि गोखले आगगाडीच्या एकाच डब्यात होते. पहाटे चारच्या सुमारास कसल्याशा आवाजाने गोखल्यांना जाग आली. रानडे उठून बसले होते आणि टाळ्यांवर ठेका धरत तुकोबांचे अभंग म्हणत होते. आवाज काही गोड नव्हता, पण ते तल्लीन होते. गोखल्यांनी हा प्रसंग पुढे रानड्यांवरच्या व्याख्यानात सांगितला. त्या पहाटेचा माफीशी संबंध त्यांनी जोडलेला नाही. तो मी जोडतो आहे. साऱ्या महाराष्ट्राने ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, तो 31 वर्षांचा माणूस त्या डब्यात एकटा नव्हता. गुरूने काही उपदेश केला असेल किंवा नसेल. तो सोबत बसला होता, आणि आपली रोजची पहाट नेहमीसारखी करत होता.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. ज्या भाषणाने गोखले साऱ्या देशाचे झाले ते चौदा महिन्यांनी झाले. चौदा वर्षे मसुदे तपासणाऱ्या माणसाला शेवटची साफ प्रत बघायला मिळाली नाही. शिकवण्याच्या धंद्यात हे बहुधा असेच असते.

1901 च्या अखेरीस कलकत्ता काँग्रेसला आलेले गांधीजी त्यानंतर महिनाभर गोखल्यांकडे राहिले. रानड्यांविषयीची गोखल्यांची भक्ती आपल्याला पदोपदी दिसे, असे ते लिहितात. रानड्यांचा स्मृतिदिनही त्यांनी तिथे एकत्र पाळला. शिष्य मात्र मुका नव्हता. तुम्ही ट्राममधून का जात नाही, घोडागाडी का लागते, असे गांधीजींनी विचारले. चेहरा ओळखीचा झाल्यावर ट्रामने फिरणे अवघड होते, तुम्हाला अजून ते स्वातंत्र्य आहे याचा मला हेवा वाटतो, अशा आशयाचे उत्तर गोखल्यांनी दिले. रागावले नाहीत. पुढे ‘हिंद स्वराज्य’ वाचून गोखल्यांना ते कच्चे वाटले. हिंदुस्थानात वर्षभर राहिलात की तुम्हीच ते फाडून टाकाल, असे भाकीत त्यांनी केले. ते खोटे ठरले. तरीही 1915 च्या जानेवारीत परतलेल्या गांधीजींकडून गोखल्यांनी एकच वचन घेतले: वर्षभर देश हिंडा, डोळे-कान उघडे ठेवा, जाहीर बोलू नका. आपले म्हणणे पटवून घेण्याचा आग्रह नाही. बोलण्याआधी बघण्याचा आग्रह. ब्लू बुकांच्या ठोकळ्यांत रानड्यांनी गोखल्यांना जे करायला लावले होते तेच हे, फक्त इथे पुस्तकाच्या जागी देश होता. गांधीजींनी वचन पाळले. 19 फेब्रुवारीला गोखले गेले, तेव्हा वचनाचे जेमतेम पाच-सहा आठवडे झाले होते.

पुण्यात 12 जून 1905 रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला होता. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. रानड्यांकडे आपण जे सहज शिकलो, त्याची गोखल्यांनी नियमावली केली. त्या समाजात गांधीजी यावेत अशी गोखल्यांची इच्छा होती, पण सदस्यांचे एकमत झाले नाही आणि गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. नियमावलीत न बसणारा शिष्यच सर्वांत दूर गेला. संस्था उभी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्याच समाजाचे एक पहिले सदस्य गोपाळ कृष्ण देवधर. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले ते देवधर आणि रमाबाई रानडे यांच्या हातांनी. स्त्रियांनी शिकावे, परिचारिका व्हावे, शिक्षिका व्हावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, हे तिथले काम. एकीला रानड्यांनी पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली होती, दुसऱ्याला रानड्यांच्या शिष्याने घडवले होते. दोघांनी मिळून ज्या बायकांसाठी वर्ग उघडले, त्यांतल्या कित्येक जणी परित्यक्ता किंवा बालविधवा होत्या. 1873 मध्ये रानड्यांना जे जमले नाही, त्याची थोडी फेड या वर्गांत झाली असे मला वाटते. ती त्यांनी केली नाही. ज्यांना त्यांनी शिकवले त्यांनी केली.

गेल्या पावसाळ्यात त्या मुलीला मी फोन केला. ती आता मुलगी नाही, स्वतः विभागप्रमुख आहे. ते टिपण तुझे होते आणि बैठकीत मी ते बोलायला हवे होते, एवढेच सांगायचे होते. सांगितले. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती गुजरातीत म्हणाली, ‘सर, तमे बे वाक्य बदल्यां हतां ने, ए सारां हतां.’ तुम्ही दोन वाक्ये बदलली होती ना, ती चांगली होती. आणि मग सहज सांगावे तसे म्हणाली, की तिच्या विभागात आता टिपणाखाली तयार करणाऱ्याचे नाव आधी येते आणि सही करणाऱ्याचे नंतर.

हे तिला मी शिकवले नव्हते. किंवा, वेगळ्या अर्थाने, मीच शिकवले होते.